बेरिॲट्रिक सर्जरी करताय? या चुका टाळा

बेरिॲट्रिक सर्जरी म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर करतात ते ऑपरेशन. त्यातलं माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी विचारायला येतंच. पहिला प्रश्न ठरलेला: "पॅकेज कितीचं होतं गं?" दुसरा: "महिन्यात किती उतरलं?" ऑपरेशननंतर काय काय करावं लागतं, हे मात्र आजवर एकीनेच विचारलं.

'आपण काही तेवढे जाड नाही'

२०१७ मध्ये इजिप्तच्या एका बाईंना मालवाहू विमानाने मुंबईत आणलं होतं आणि क्रेनने उचलून चर्नी रोडच्या हॉस्पिटलात नेलं होतं. टीव्हीवर ते पाहिल्यापासून अनेकांना वाटतं की हे ऑपरेशन तशाच लोकांसाठी असतं. माझी उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ९६ किलो होतं, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण ३८.५. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. म्हणून इथे डॉक्टर ऑपरेशनसाठी बरीच वर्षं बीएमआय ३७.५ चा आकडा धरत आले, आणि मधुमेह किंवा बीपी असेल तर ३२.५ चा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करायला सांगितलंय.

डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा पास

ही समजूत सगळ्यात महागात पडते. विमा कंपन्या आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, ठरवून दिलेल्या निकषांवर बोट ठेवतात: बीएमआय ४० किंवा जास्त. ३५ च्या पुढे असेल, तर जोडीला कोरोनरी हृदयविकार, आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांसारखा आजार हवा, आणि साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दिसायला हवं. म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात मी बसत होते, विम्याच्या हिशेबात नव्हते.

सुटका केली ती माझ्या घोरण्याने. घरात त्यावर सगळे हसायचे. सर्जननी मात्र रात्रभराची झोपेची तपासणी करायला लावली आणि रिपोर्टमध्ये 'तीव्र' असा शेरा आला. त्याच कागदावर क्लेम मंजूर झाला. म्हणून आहारतज्ज्ञांचे जुने कागद आणि वजनाच्या नोंदी टाकून देऊ नका. पॉलिसीचा वेटिंग पिरियड संपलाय का, हेही तारीख ठरवण्याआधी बघा.

शेजारणीचं ऑपरेशन आपल्याला चालेलच असं नाही

स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. तो परत जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. ज्यांना आधीच ॲसिडिटीचा जोरदार त्रास आहे, त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. पर्समध्ये जेलुसिल घेऊन फिरणाऱ्या बायका डॉक्टरांना सांगतात, "तसं काही नाही हो." सांगा. एंडोस्कोपीही टाळू नका. सिगारेट, तंबाखू, मशेरी, काहीही असो, तेही लपवू नका.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही मोकळेपणाने विचारा. त्यातलं मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. काहींचं काम त्यावर भागतं, पण बंद केल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत येतं.

गिळण्याची घाई

पहिल्या दिवशी नर्सने औषधाच्या मापात पाणी दिलं, ३० मिली. ते घोट घोट करून संपवायला मला अर्धा तास लागला. पुढे पातळ, मग मऊ, मग घट्ट, असं आठवड्यांच्या हिशेबाने खाणं वाढवतात. सावकाश खायला मी शिकले ती दादरला. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. लोकल यायला चार मिनिटं होती आणि हातात वडापाव. तिसऱ्या घासाला पाव छातीत अडकला. तोंडात लाळ साठतेय, श्वास चालू पण बोलता येईना. खांबाला टेकून उभी राहिले, दोन लोकल गेल्या, मग ओकले तेव्हा सुटले. आता पाव मी घरीच, कडकडीत भाजून खाते. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.

बायपासवाल्यांनी उसाचा रस आणि जिलबीपासून लांबच राहावं. साखर झपकन आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होतात.

प्रोटीनचा हिशेबही इथेच चुकतो. दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतं. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, आणि पातळ वरणाच्या वाटीत बहुतेक पाणीच. नुसती पेज आणि वरण पीत राहिलात तर केस गळतात आणि अंगातली ताकद जाते. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तसेही थोडे गळतातच, घाबरू नका.

गोळ्या बंद करणं, किंवा चालू ठेवणं

बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्माचं आहे. माझ्याबरोबर ऑपरेशन झालेल्या एकीने वर्षभराने 'आता बरंय' म्हणून सगळं सोडलं. पायाला मुंग्या आल्या तेव्हा रिपोर्ट काढला, बी १२ तळाला.

मधुमेहाच्या गोळ्यांचं उलट. वजन उतरायच्या आधीच साखर खाली येऊ लागते. जुनाच डोस घेत राहिलात तर चक्कर येऊन पडाल, म्हणून फॅमिली डॉक्टरना पहिल्या दिवसापासून कळवा. गुडघे दुखले की कॉम्बिफ्लाम, ही सवयही सोडा. बायपासनंतर अशा वेदनाशामकांनी अल्सर होतो. गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष पुढे ढकला. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, दुसरा उपाय विचारा.

'होईल बरं' म्हणत थांबणं

घरी आल्यावर ताप, पोटात किंवा खांद्यात वाढतं दुखणं, नाडी १२० च्या आसपास, असं काही झालं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा, जठराचे आतले टाके गळत असू शकतात. पिंडरी सुजली किंवा दम लागला तरी तेच. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर बी १ ची कमतरता मेंदूवर जाऊ शकते. जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी सांगा की माझं हे ऑपरेशन झालंय, बी १ द्या.

आणि घरच्यांपासून लपवू नका. मी लपवलं नाही, तरी सहा महिने सासूबाई "अगं, एवढंसंच?" म्हणत पानात वाढत राहायच्या. मग एका तपासणीला त्यांनाच सोबत नेलं. घरी आल्यावर त्यांनी देवघरातली नैवेद्याची चांदीची वाटी घासून माझ्या ताटात ठेवली. देवाला दुसरी आणली, जरा मोठी.