स्मॅश काढायचा कसा: मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांसाठी

व्हॉलीबॉलमध्ये समोरच्याने जोरात मारलेला स्मॅश काढता, म्हणजे जमिनीला लागायच्या आत उचलता, आला नाही की आमची पोरं आधी आपल्या हातांकडे बघतात, जणू चूक मनगटांचीच. इंदूरात संध्याकाळच्या बॅचला दोन-चार वर्षं पोरं खेळवल्यावर माझं मत पक्कं झालंय: सुटलेल्या दहा बॉलपैकी सात-आठ तरी पायांनी आणि डोळ्यांनी सोडलेले असतात. हात बिचारे शेवटी येतात आणि बोलणी खातात.

साधा हिशोब करा. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. नेटपासून साडेसात मीटरवर तुम्ही उभे असाल तर असा बॉल 0.3 सेकंदात तुमच्यापाशी पोचतो. त्यातले 0.2 सेकंद बॉल दिसून अंग हलेपर्यंतच जातात. उरलेल्या वेळात धावणं जमत नाही, फार तर एक पाऊल आणि हात. म्हणजे समोरच्याचा हात बॉलला लागायच्या आत तुम्ही योग्य जागी असायला हवं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आधी उभं राहणं

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा, एक पाऊल किंचित पुढे. भार चवड्यांवर, टाच जमिनीवरून जेमतेम सुटलेली. गुडघे बोटांच्या पुढे आणि खांदे गुडघ्यांच्या पुढे आले पाहिजेत. बरोबर उभे असाल तर कुणी पाठीवर बोट टेकवलं तरी पुढे पाऊल पडेल. हात मोकळे, पुढे, गुडघ्यांच्या उंचीला. आधीच जोडून ठेवायचे नाहीत. हात जोडून धावणारा खेळाडू देवळात निघाल्यासारखा दिसतो आणि पोचतोही त्याच वेगाने.

दुसरी गोष्ट थांबण्याची. समोरचा उडाला की तुम्ही जिथे असाल तिथे थांबा, अगदी बारीक उडी घेऊन दोन्ही पाय एकदम टेकवा. जागा अर्धा मीटर चुकली तरी चालेल. स्थिर माणूस दोन्हीकडे झेपावू शकतो. चालता माणूस एकाच बाजूला जातो, आणि बॉल नेमका दुसऱ्या बाजूला येतो.

मग हात

एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यात, अंगठे शेजारी-शेजारी, मनगटं खाली वळवलेली, कोपरं सरळ. बॉल मनगटापासून तीन-चार बोटं वर, मांसल भागावर घ्यायचा. मुठीवर आला तर तो कुठे जाईल ते बॉललाही ठाऊक नसतं.

जोराच्या स्मॅशला हात हाणायचे नाहीत. जोर त्याने आणलेलाच आहे, तुम्हाला फक्त तो जिरवायचा आहे. बॉल लागताना खांदे जरा सैल सोडा, हात किंचित मागे येऊ द्या. हळू आलेल्या बॉलला मात्र उलट: तिथे गुडघ्यांतून उठून ढकलावं लागतं. बॉल बाजूला आला तर बॉलकडचा खांदा वर आणि आतला खांदा खाली करा, म्हणजे हातांचा उतार कोर्टाच्या आत राहतो. नाहीतर बॉल थेट प्रेक्षकांत.

लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्याच्या, डोक्यावर अचूक पास द्यायच्या फंदात पडू नका. तो सर्व्हिस घेताना. स्मॅश काढताना लक्ष्य एकच: आपल्या कोर्टाच्या मधोमध, तीन मीटरच्या रेषेच्या आसपास, उंच. उंच बॉल असला की लिफ्टर नसला तरी कुणीतरी पोचतोच. नेटच्या पलीकडे गेलेला सुंदर डिग, म्हणजे काढलेला स्मॅश, समोरच्यांना फुकटचा बॉल देतो.

नियमही तुमच्या बाजूने आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. संघाच्या पहिल्या स्पर्शात, एकाच हालचालीत बॉल दोन्ही हातांना मागेपुढे लागला तरी फाउल नाही. पायाला, छातीला लागला तरी चालतो. फक्त पकडायचा किंवा फेकायचा नाही. आणि ब्लॉकचा, म्हणजे नेटपाशी हात वर करून स्मॅश अडवणाऱ्यांचा, स्पर्श संघाच्या तीन स्पर्शांत धरत नाहीत, त्यामुळे त्यानंतरही तुमचे तीन शिल्लक असतात.

डोळे, म्हणजे खरं काम

बॉल हवेत वर गेला की सगळे बॉलच बघत राहतात. बॉल बघायचा तो लिफ्टरच्या हातातून सुटेपर्यंत. तो कुठे जाणार कळलं की नजर स्मॅशरवर न्या: आधी धाव, मग खांदा, मग हात. बॉल नेटपासून लांब दिला असेल तर तो खोल मारणार, एक पाऊल मागे. नेटला चिकटला असेल तर उभा खाली येईल किंवा प्लेसिंग होईल, म्हणजे जोर न लावता रिकाम्या जागी टाकला जाईल, म्हणून पुढे. कोपर वाकलेलं आणि हात संथ दिसला तर प्लेसिंगच समजा.

पुढचा ब्लॉक हा तुमचा पडदा आहे. त्याच्या बरोबर मागे उभं राहून उपयोग नाही, तो भाग ब्लॉकने झाकलाच आहे. एक पाऊल बाजूला सरका, मारणाऱ्याचा हात तुम्हाला दिसला पाहिजे. हात दिसत नसेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात.

याचा सराव बॉलला हात न लावता होतो. मागे उभं राहायचं आणि समोरच्याचा हात बॉलला लागायच्या आत मोठ्याने सांगायचं: ‘लाइन’ (कडेच्या रेषेलगत सरळ), ‘क्रॉस’ (तिरका) किंवा ‘प्लेसिंग’. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी पहिल्या दिवशी दहात तीन ओळखत होती आणि वैतागून म्हणाली, “काका, हे काय खेळणं आहे?” महिन्याभराने ती आठ ओळखत होती आणि तोवर तिने डिगचा वेगळा सराव फारसा केलाच नव्हता. तरी बॉल निघायला लागले होते.

बॉलचा सराव असा: जोडीदार स्टुलावर किंवा ओट्यावर उभा राहून पाच-सहा मीटरवरून मारेल, तुम्ही काढायचा. आधी अंगावर, मग डावी-उजवी, मग मधूनच एक प्लेसिंग. लिफ्टरला उचलता येईल असे दहा बॉल मोजून थांबायचं. शंभर वाईट बॉल काढले तर शंभर वाईट सवयी लागतात.

पडणं

1964 च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला आणि महिलांचं सुवर्ण जपानने नेलं. त्यांच्या मुली बॉल काढून जमिनीवर लोळत आणि लगेच उभ्या राहत. शिकायचं ते हेच. बॉलच्या दिशेने लांब पाऊल टाका, बसकं व्हा, बॉल काढा आणि मगच खांद्यावरून लोळा. आधी पडून मग बॉल शोधायचा नाही. जितकं खाली जाऊन पडाल तितकं लागायचं कमी.

मैदान बघूनच पडायला शिकवा. आमच्याकडे माळव्याची काळी माती: उन्हाळ्यात भेगा, पावसात चिकट चिखल. भेगेत पाऊल अडकून मी स्वतः एकदा हनुवटी फोडून घेतली आहे. तळवा जमिनीवर पसरून हाताच्या मागच्या बाजूवर बॉल उसळवणं लाकडी फरशीवर छान दिसतं, मातीवर बोटं जातात. आम्ही आधी खडे वेचतो, पाणी मारतो, गुडघ्याला नी-कॅप लावतो. थंडीत सकाळी खेळत असाल तर हात नीट गरम करा, नाहीतर बॉल विंचवासारखा डसतो. हात लाल होणं चालतं. मनगट किंवा अंगठा दुखत राहिला तर चार दिवस सुट्टी.

आवाज

दोघांच्या मधला बॉल हा सगळ्यात स्वस्तात जाणारा पॉइंट. सामन्याआधीच ठरवा: एक पुढून कापेल, दुसरा त्याच्या मागून जाईल, म्हणजे डोकी आपटत नाहीत. आणि शब्दही ठरवा. आमच्या बॅचमध्ये घरी मराठी बोलणारा मुलगा बॉल बघून “माझा!” ओरडला आणि शेजारचा हिंदीवाला त्याच्याकडे बघतच राहिला. बॉल दोघांच्या मधोमध पडला. “भिया, मेरी बोलना था ना!” तेव्हापासून मैदानावर सगळे ‘मेरी’ म्हणतात, घरी जाऊन काय बोलायचं ते बोला.