नागपूरच्या मे महिन्यात हिरवळ जगवायची तर

दगड वेचणं, माती सपाट करणं, शेणखत मिसळणं हे तुम्ही कराल. लव्हाळा या तणाचे गड्डे मात्र खणूनच काढा, नुसता वरून उपटला तर आठवड्यात परत फुटतो. गवत हरळीच्या जातीचं घ्या, पण कडुलिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत लावू नका. तिला रोज ६ तास तरी ऊन लागतं. लावणी जूनमध्ये, दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर.

आता पाणी. हिरवळ इथेच मरते.

"रोज संध्याकाळी थोडं शिंपडत जा" असं ज्याला त्याला सांगितलं जातं. पहिल्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. ऑफिसातून आलो की १० मिनिटं पाइप धरायचो, वरून सगळं ओलं दिसायचं. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला आणि चार दिवसांत हिरवळीचा काथ्या झाला. खुरप्यानं एक तुकडा उचलून पाहिला. मुळं जेमतेम इंचभर, खाली माती कोरडी ठाक. रोज घोटभर पाणी मिळालं की मुळं खाली जातच नाहीत, आणि ४५ अंशांत वरचा इंच दुपारच्या आत सुकतो.

त्यात आपली काळी माती. सुकली की आकसून भेगाळते, भिजली की फुगते. पाइप सोडला की पहिलं पाणी भेगांतून सरळ खाली पळतं. मग माती फुगून भेगा मिटतात आणि उरलेलं पाणी आत न शिरता गेटबाहेर वाहतं. म्हणून पाणी दोन हप्त्यांत द्या. पहाटे अर्धं द्यायचं, पाऊण तास थांबायचं, मग उरलेलं. दोन्ही मिळून १०० चौरस फुटांना साधारण २३५ लिटर, म्हणजे एक इंच पाणी. तुमच्या पाइपनं २० लिटरची बादली किती वेळात भरते ते एकदा मोजून ठेवा. शेवटी मातीत लांब पेचकस दाबून बघा. ५ इंच सहज गेला पाहिजे, अडला तर पाणी कमी पडलं.

पुढचं पाणी तीन-चार दिवसांनी. चालून गेल्यावर पावलाखालचं गवत परत उठत नसेल, रंग करडा-निळसर वाटत असेल, तर वेळ झाली. ही सवय फेब्रुवारीपासून लावा, दोन पाण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत. मेमध्ये एकदम बदल केलात तर उथळ मुळांचं गवत हमखास जाईल.

नळाला तेवढं पाणीच नसेल तर हिरवळ पिवळी पडू द्या. रुजलेल्या हरळीची जमिनीखालची कांडं जिवंत राहतात, पावसात पुन्हा फुटतात. पिवळी दिसली म्हणून युरिया मात्र टाकू नका. एका नर्सरीत सांगितलं म्हणून मी भर मेमध्ये टाकला होता. गवत जळून चट्टे पडले. युरिया पावसाळ्यात, १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम, आणि लगेच पाणी.

काळ्या मातीत दोन-चार घमेली रेती मिसळायलाही जाऊ नका, त्यानं माती मोकळी होत नाही. दरवर्षी चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत पातळ पसरा.

कापणी उन्हाळ्यात दोन इंचांवर, पावसाळ्यात दीडवर. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको.