अनुदान आणि कंत्राटे स्थानिक लोकांपर्यंत पोचवायची, तर अटी कशा लिहाव्यात

एखाद्या सार्वजनिक संस्थेने आपला पैसा आसपासचे गट, सहकारी संस्था आणि लहान व्यावसायिक यांच्याकडे जावा असे ठरवले, की आधी ठराव होतो आणि मग जाहीर सूचना निघते. पैसा प्रत्यक्षात कोणाकडे जाणार, याचा निकाल मात्र या दोहोंच्या मधे, अटींचा मसुदा लिहिला जातो त्या टेबलावर लागलेला असतो. जुन्या निविदेतली एखादी अट तशीच उतरवून घेतली जाते आणि ज्यांच्यासाठी ठराव केला ते लोक अर्ज करण्याआधीच बाद होतात. हे मार्गदर्शन त्या टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि मसुद्यावर सही करणाऱ्या लोकप्रतिनिधींसाठी आहे.

सुरुवात मसुद्यापासून न करता मागील वर्षाच्या देयकांपासून करावी. कोणत्या कामाचे पैसे कोणत्या पुरवठादाराला दिले, त्याचा कारभार कोठून चालतो आणि तेच काम स्थानिक पातळीवर कोणी करू शकते का, एवढीच माहिती प्रत्येक देयकासमोर लिहावी. इंग्लंडमधील प्रेस्टन शहरात नगर परिषद आणि तेथील अन्य मोठ्या सार्वजनिक संस्थांनी मिळून असा हिशेब मांडला. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खरेदीपैकी जेमतेम ५ टक्के रक्कम शहरात राहत होती. २०१६-१७ पर्यंत ते प्रमाण १८ टक्क्यांच्या पुढे गेले. आपल्या वार्षिक खरेदीतील कोणत्या बाबी स्थानिकांना झेपण्यासारख्या आहेत, हे अशा यादीशिवाय कळत नाही. ही यादी करायला आठ-पंधरा दिवस जातात, पण ते वाया जात नाहीत.

त्यानंतर अनुदान द्यायचे की कंत्राट, हे ठरवावे. काय करायचे हे लोकांनी ठरवायचे असेल आणि सार्वजनिक संस्था त्याला फक्त बळ देणार असेल, तर ते अनुदान होय. काम, त्याचे परिमाण आणि मुदत संस्थेने आधीच ठरवली असेल आणि तिला फक्त ते करून घ्यायचे असेल, तर ते कंत्राट होय. या दोहोंची सरमिसळ झाली की अनुदान मागणाऱ्या महिला गटाकडून निविदेच्या धर्तीवर उलाढालीचा दाखला आणि बँक हमी मागितली जाते. हा गोंधळ वरवर किरकोळ वाटला तरी त्याने सर्वाधिक अर्जदार गळतात.

कंत्राटाच्या बाबतीत कायद्याची मर्यादा आधीच समजून घ्यावी, कारण केवळ पत्ता पाहून प्राधान्य देणे अनेक ठिकाणी टिकत नाही. इटलीने सार्वजनिक पुरवठ्यातील ३० टक्के वाटा दक्षिणेकडील मागास प्रदेशातील उद्योगांसाठी राखून ठेवला होता. युरोपीय न्यायालयाने १९९० मध्ये ते नियमबाह्य ठरवले. अमेरिकेतील रिचमंड शहराने बांधकाम कंत्राटांच्या रकमेतील किमान ३० टक्के काम अल्पसंख्याकांच्या व्यवसायांना पोटकंत्राटाने द्यावे असा नियम केला. तोही सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केला, कारण शहराने भेदभावाचा पुरेसा पुरावा समोर ठेवला नव्हता. म्हणून राखीव वाटा ठेवण्यापूर्वी कायद्यात त्याची स्पष्ट तरतूद आहे का ते पाहावे आणि तो का ठेवला याची कारणे आकडेवारीसह फाइलमध्ये नोंदवावीत. अशा तरतुदी आहेत. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार, ज्या संस्थेतील किमान ३० टक्के कामगार दिव्यांग किंवा वंचित गटांतील आहेत तिच्यासाठी कंत्राट राखून ठेवता येते. भारतात केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी आदेशानुसार वार्षिक खरेदीतील ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा लागतो. हा वाटा पुढे २५ टक्के करण्यात आला आणि त्यातील ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी ठेवला गेला.

तरतूद नसली तरी बरेच काही करता येते आणि माझ्या मते खरे काम तेथेच आहे. उदाहरणादाखल चाळीस इमारतींच्या स्वच्छतेचे एकच कंत्राट घ्या. निविदेत लिहिलेले असते, ‘निविदाकाराने मागील तीन वर्षांत याच स्वरूपाचे व एवढ्याच मूल्याचे किमान एक काम पूर्ण केलेले असावे, वार्षिक उलाढाल कामाच्या किमतीच्या तिप्पट असावी.’ पाच वर्षे दोन इमारतींची स्वच्छता चोख ठेवणारी बारा जणांची सहकारी संस्था या दोन वाक्यांतच बाहेर पडते. तिच्या कामाच्या दर्जाबद्दल कोणी विचारतसुद्धा नाही. आता हेच काम परिसरानुसार पाच-पाच इमारतींच्या आठ गटांत विभागावे, अनुभवाची अट ‘एवढ्याच मूल्याचे’ ऐवजी ‘याच स्वरूपाचे’ अशी करावी, उलाढालीची अट त्या गटाच्या किमतीपुरती ठेवावी आणि एका निविदाकाराला जास्तीत जास्त किती गट मिळतील हे सूचनेतच सांगावे. वर उल्लेखिलेल्या युरोपीय निर्देशात उलाढालीची अट सर्वसाधारणपणे कंत्राटाच्या अंदाजित किमतीच्या दुपटीहून अधिक ठेवता येत नाही आणि काम विभागले नसेल तर त्याचे कारण नोंदवावे लागते. हा दंडक जेथे बंधनकारक नाही तेथेही पाळण्यासारखा आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. काम विभागणे वेगळे आणि निविदा प्रक्रिया टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडणे वेगळे. सर्व गटांची एकत्रित किंमत धरूनच कोणती प्रक्रिया लागू होते ते ठरवावे आणि सर्व गट एकाच जाहीर सूचनेत मांडावेत, म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप निघणार नाही.

गुणांकन करताना स्थानिक हिताला किती गुण द्यायचे, हे आकड्यात लिहावे. दक्षिण आफ्रिकेत ठरावीक मर्यादेपर्यंतच्या खरेदीत ८० गुण किमतीला आणि २० गुण सामाजिक प्राधान्याला देण्याची पद्धत वापरली जाते. ब्रिटनच्या केंद्रीय खात्यांनी २०२१ पासून मोठ्या कंत्राटांत सामाजिक मूल्यासाठी किमान १० टक्के भारांक ठेवला. गुण मात्र मोघम आश्वासनाला देऊ नयेत. ‘स्थानिकांना रोजगार देऊ’ या वाक्याला शून्य आणि ‘या परिसरातील सहा जणांना बारा महिने कामावर ठेवू, त्यांची हजेरी दरमहा देयकासोबत जोडू’ या वाक्याला पूर्ण गुण, असा फरक मूल्यांकन समितीने करावा. हे आश्वासन करारात अट म्हणून उतरवावे, नाही तर ते कागदावरच राहते. स्थानिक नाव पुढे करून काम बाहेरच्या कंपनीने करण्याचे प्रकार सगळीकडे घडतात; त्यासाठी मालकी, नफ्याची वाटणी आणि पोटकंत्राट यांची माहिती सुरुवातीलाच लेखी मागावी आणि काम सुरू झाल्यावर एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावी.

अनुदानाकडे वळताना पहिला प्रश्न पैशाच्या वेळेचा असतो. ‘आधी खर्च करा, पावत्या द्या, मग रक्कम मिळेल’ ही पद्धत मोठ्या संस्थेला चालते, कारण तिच्याकडे राखीव निधी असतो. लहान गटाला तीन महिन्यांचे मानधन कोठून द्यायचे हाच प्रश्न पडतो, आणि मग कोणाकडून तरी व्याजाने पैसे उचलले जातात. म्हणून पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी द्यावा, पुढचा हप्ता आधीच्या खर्चाचे विवरण आल्यावर द्यावा आणि शेवटचा छोटा हिस्सा उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, येईपर्यंत राखून ठेवावा. कंत्राटातही बिल मंजुरीची मुदत दिवसांत लिहावी; देयक रखडले की सर्वात आधी लहान कंत्राटदार मोडतो. अर्जाचा नमुना लोकांच्या भाषेत असावा आणि मागितलेला प्रत्येक कागद रकमेच्या प्रमाणात असावा. छोट्या अनुदानासाठी तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागणे म्हणजे नव्या गटांना दार बंद करणे होय. नोंदणी नसलेल्या गटाला एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून निधी घेता येईल, अशी सोय ठेवता आली तर अवश्य ठेवावी.

निधी कशासाठी द्यायचा, हे ठरवण्यातही लोकांना खरा अधिकार देता येतो. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकसहभागी अर्थसंकल्प सुरू केला. वस्त्यावस्त्यांतून सभा होत, लोक कामांचा क्रम लावत आणि त्यांचे प्रतिनिधी शहरासमोर तो मांडत. अशी सभा घ्यायची तर ती काम सुटल्यानंतरच्या वेळी घ्यावी आणि किती रक्कम त्यांच्या हातात आहे ते आधी सांगावे. रक्कम न सांगता घेतलेली सभा लोक दुसऱ्यांदा मानत नाहीत, आणि त्यांचे बरोबर असते.

देखरेख मात्र केवळ सभेवर सोडू नये. इंडोनेशियात ६०० हून अधिक गावांतील रस्त्यांच्या कामांवर झालेल्या प्रयोगात, सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असे आधी सांगितल्यावर हिशेबाबाहेर जाणारी रक्कम सुमारे ८ टक्के बिंदूंनी घटली. गावकऱ्यांना नुसते सभेला बोलावल्याने सरासरीत फारसा फरक पडला नाही. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठीच्या अनुदानातील सरासरी १३ टक्केच रक्कम शाळांपर्यंत पोचत होती. हे उघड झाल्यावर सरकार अनुदानाच्या रकमा वर्तमानपत्रांत छापू लागले आणि पुढच्या वर्षांत पोचणारा वाटा बराच वाढला. तेव्हा करारातच लेखापरीक्षणाची तारीख लिहावी आणि कोणाला किती रक्कम कोणत्या कामासाठी दिली, हे काम जेथे चालते तेथील फलकावर लावावे.

ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांना कारणे लेखी कळवावीत, आणि तीही ‘अपात्र’ एवढ्या एका शब्दात नको: कोणती अट, तिच्यासमोर त्यांनी काय दिले आणि काय दिले असते तर चालले असते, हे लिहावे. या पत्रांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात. पुढच्या वर्षीचा मसुदा हातात घेताना, ज्या अटीवर सर्वाधिक स्थानिक अर्ज अडले ती अट सर्वप्रथम तपासावी आणि ती कामासाठी खरोखर लागते का, हे ते काम प्रत्यक्ष करून घेणाऱ्या पर्यवेक्षकाला विचारावे.