म्युच्युअल घटस्फोट घ्यायचाय? अर्जाआधी अटी नीट लिहा

नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर सह्या करून सोडचिठ्ठी घेतली की मोकळे झालो, असं समजणारी जोडपी आजही दिसतात. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न अशा कागदाने मोडत नाही. समाजाची रूढी असेल तर अपवाद आहे, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. या कागदाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न कायद्याने रद्दबातल ठरू शकतं.

दोघांची तयारी असेल तर रस्ता कलम १३-ब चा, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटाचा. स्पेशल मॅरेज ॲक्टने लग्न झालं असेल तर तसंच कलम २८ आहे. अट अशी की अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. घर एकच असलं तरी पती-पत्नी म्हणून संसार थांबलेला असेल तर ते वेगळं राहणंच. अर्ज लग्न झालं त्या ठिकाणी किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथल्या कौटुंबिक न्यायालयात करता येतो. कौटुंबिक न्यायालय नसेल तर दिवाणी न्यायालयात.

खरं काम अर्जाआधीच असतं: कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी. घाईघाईत मोघम लिहिलेल्या अटींचा त्रास पुढे वर्षानुवर्षं पुरतो. ‘वडील सोयीनुसार मुलाला भेटतील’ हे वाक्य पहिल्याच दिवाळीत भांडण लावतं. त्याऐवजी लिहा: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मुलाला आणायचं-सोडायचं वडिलांनी, मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल. शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च कोण करणार, तेही लिहा. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा आहे. आईने ‘मला काही नको’ म्हटलं तरी तो संपत नाही.

स्त्रीधन ही बायकोची स्वतःची मालमत्ता. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र यांची वजनासह यादी करा आणि कुठल्या तारखेला हातात मिळणार ते लिहा. पोटगी एकरकमी असेल तर हप्ते आणि तारखा हव्यातच.

घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर जास्तच सावध राहा. हप्ते एकाने भरायचे, असं तुमच्यात ठरलं तरी बँक त्याला बांधील नाही. आधी बँकेत जाऊन कर्जातून नाव कमी होईल का, ते विचारा.

अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसरा जबाब होतो, म्हणजे संमती कायम असल्याचं दोघे कोर्टासमोर पुन्हा सांगतात. दीड वर्ष वेगळे राहून झालं असेल आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलं असेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं सांगितलं आहे. मात्र हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पूर्ण रक्कम पहिल्याच तारखेला देऊ नका. काही भाग दुसऱ्या जबाबाच्या दिवसासाठी ठेवा.

घरात मारहाण, धमक्या असतील तर वाटाघाटीला बसूच नका. आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी बाईने थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हुकूमनामा झाला की प्रमाणित प्रती काढून घ्या आणि बँक, विमा, पीएफ इथले नॉमिनी त्याच आठवड्यात बदला.