वेगवेगळ्या वयाच्या लहान मुलांचा संगीताचा तास कसा घ्यावा

एकाच सतरंजीवर आठ महिन्यांचं बाळ, दोन वर्षांचं पळतं मूल आणि सगळी गाणी आधीच पाठ असलेली पाच वर्षांची मुलगी. मधलं वय धरून तास आखला, तर तो तिघांपैकी एकालाही लागू पडत नाही. गाणं एकच ठेवावं आणि त्यातलं काम ज्याच्या-त्याच्या वयाप्रमाणे वाटून द्यावं.

१. गाणी मोजकी निवडा
अर्ध्या-पाऊण तासाला सात-आठ गाणी पुरतात. आठवड्याला एखादंच नवं, बाकी तीच. कंटाळा येतो तो मोठ्यांना. मुलांना पुढे काय येणार हे माहीत असण्यातच गंमत वाटते. सुरुवातीचं आणि निरोपाचं गाणं कधीच बदलू नका. दोन शांत गाण्यांमध्ये एक उड्या मारण्याचं असू द्या.

२. पट्टी वर घ्या
मोठी माणसं स्वतःला सोयीच्या खालच्या पट्टीत गातात आणि मुलं नुसती पुटपुटतात. कीबोर्डच्या मधल्या सप्तकात पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतचे (D ते A) सूर बहुतेक लहानांना झेपतात. म्हणजे सा पांढरी दोनवर धरून पंचमापर्यंत (प) जाणारी गाणी निवडली की काम झालं. रेकॉर्ड केलेली गाणी शक्यतो टाळा. ती मुलांसाठी थांबत नाहीत आणि या तासात थांबणं फार महत्त्वाचं आहे.

३. एका गाण्यात तीन कामं
समजा, घोड्याचं गाणं आहे. बाळ मांडीवर तालात हलकं डोलेल. मान धरत नसेल, तर डोक्याला हाताचा आधार हवाच. दोन वर्षांचं मूल खोलीभर दौडेल आणि डफ थांबला की थांबेल. डफ कधी थांबवायचा, हे पाच वर्षांच्या मुलीनं ठरवायचं. तिला वाजवण्यापेक्षा थांबवण्याचा अधिकार जास्त आवडतो, असा माझा अंदाज आहे. शिवाय लहानांच्या आधी उत्तर ओरडून सांगायची तिची घाईही त्यात जिरते.

ओळीतला शेवटचा शब्द गाळून पाहा. गा, थांबा, तीन-चार मात्रा मुलांकडे बघत राहा. बोलू लागलेलं मूल तो शब्द भरेल, बाळ कदाचित नुसतं हात हलवेल. ही शांतता मोठ्यांना अवघडल्यासारखी वाटते आणि ते मध्येच गाऊन टाकतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

लयीचा आग्रह मात्र नको. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते आणि इतरांच्या ठेक्याशी नेमकं जुळवून घेणं साधारण चौथ्या वर्षानंतर हळूहळू जमतं. त्याआधी तुम्हीच मुलाच्या पावलांबरोबर डफ वाजवा.

४. वाद्यं
सूचना आधी, वाद्य नंतर. हातात खुळखुळा आल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही. सगळ्यांना एकाच प्रकारचं वाद्य द्या, भांडणं निम्मी होतात. गोळा करण्यासाठीही एक छोटं गाणं ठेवा.

तीन वर्षांखालच्यांसाठी सुमारे ३.२ सेंमी रुंद नळीत मावेल अशी कुठलीही वस्तू धोक्याची, कारण ती घशात अडकू शकते. घरी केलेल्या खुळखुळ्यांची झाकणं दर वेळी ओढून पाहा. टिपऱ्या फक्त बसून वाजवायच्या. तासानंतर सगळं पुसा. बहुतेक वाद्यं तोंडात जाऊन आलेली असतात.

पट्ट्या निघणारं झायलोफोन असेल, तर म आणि नीच्या (F आणि B) पट्ट्या काढून ठेवा. उरतो तो पाच सुरांचा भूप राग. त्यात कोणी कुठेही ठोकलं तरी कानाला फारसं खटकत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतीतही मुलांना आधी असे पाचच सूर देतात.

५. गप्प बसणारं मूल
काही मुलं तासभर नुसती बघतात आणि घरी गेल्यावर सगळं गातात. त्यांचे हात धरून टाळ्या वाजवून घेऊ नका. पालकांना पहिल्याच दिवशी हे सांगा, म्हणजे त्यांना लाज वाटत नाही. मुलाच्या बदल्यात त्यांनी स्वतः गावं, फोन पिशवीत ठेवून.

६. किती मुलं?
एकट्यानं आठ-दहा सांभाळता येतात. त्याहून जास्त असतील, तर दाराशी एक मदतनीस हवा. सहा-सात वर्षांची भावंडं येऊ लागली, तर लहान गेल्यावर त्यांना दहा मिनिटं वेगळी द्या. त्या वेळात कॅनन (एकच गाणं एकामागून एक सुरू करून गाणं), अवघड ठेके, त्यांची स्वतःची कडवी, असं काहीही चालेल.