जुन्या पद्मिनीचं हँडलिंग सुधारायचंय? पाटा वाढवू नका, आहेत ते पाटे नीट बसवा

प्रीमियर पद्मिनी वळणावर झुकते, खड्ड्यातून गेली की मागचा भाग बाजूला उडी मारतो, बायपासवर थोडा वेग घेतला की स्टीअरिंग सतत सांभाळत बसावं लागतं, अशी तक्रार घेऊन इंदुरात कुठल्याही गॅरेजला गेलात की उपाय एकच मिळतो, "पीछे एक पट्टा बढ़वा लो भिया, गाड़ी टाइट हो जाएगी." पट्टा म्हणजे पाटा, मागच्या लीफ स्प्रिंगमधली पोलादी पट्टी. टाइट होते, हे खरं आहे. पण टाइट होणं म्हणजे हँडलिंग सुधारणं नाही, उलट इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या हलक्या गाडीत फक्त मागची बाजू कडक केली की पावसात ती मागूनच सुटते. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि पुढचं-मागचं यातली जी बाजू जास्त कडक तिच्या बाहेरच्या टायरवर त्यातला जास्त वाटा येतो आणि तो टायर आधी पकड सोडतो. मागचा टायर आधी सुटला की गाडी गरकन फिरते. खंडवा रोडवरच्या भेरूघाटाच्या ओल्या वळणावर मला हे अजिबात नको आहे आणि तुम्हालाही नको असणार.

मुळात ही गाडी वाईट नाहीच. १९५३ च्या फियाट ११०० ची रचना आहे, पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आणि कॉइल स्प्रिंगवर, मागे दोन्ही चाकं जोडणारा सरळ अ‍ॅक्सल आणि त्याखाली पाटे, वजन साधारण ९०० किलो. नवी होती तेव्हा घाटात छान चालायची, बिघडवलंय ते रबर, पिना आणि पाटे झिजल्यानं. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आधी गाडी मूळ जागेवर आणा, मग शॉकअप आणि टायर चांगले घाला, आणि मग बहुतेकदा पुढे काही करायची गरजच उरत नाही. अँबेसेडरवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, पुढे त्यांच्याकडे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे पण मागे तेच पाटे आणि तोच अ‍ॅक्सल.

एक गोष्ट आधीच सांगतो, चेसिस-बॉडी कापणं, वेल्डिंग करून नवे माउंट लावणं हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते अडकतं, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचं तर ती मूळ स्वरूपात लागते, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत. खाली जे सांगतोय ते सगळं बोल्ट काढून परत होतं तसं करता येण्यासारखं आहे.

सुरुवात पुढून करा. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या पिनेवर चाक वळतं ती) किंवा आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या. टायरॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यांचे टोकाचे सांधे, सैल असतील तर बदला, वाद नको. स्टीअरिंग बॉक्सचा खेळ स्क्रूनं काढायचा मोह होतो, तो चाकं सरळ ठेवूनच आणि अगदी थोडा काढा, कारण बॉक्स मधल्या भागात जास्त झिजलेला असतो आणि तिथला पूर्ण खेळ मारलात की पूर्ण वळवताना स्टीअरिंग अडकतं. अँटी-रोल बारचे (वळणावर झुकणं कमी करणाऱ्या सळईचे) रबर स्वस्त आहेत, बघत बसू नका, घालूनच टाका. पुढची कॉइल स्प्रिंग काढायची तर कॉम्प्रेसरशिवाय हात लावू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. आणि गाडी खाली बसावी म्हणून कॉइल कापणाऱ्याला गाडी देऊच नका.

आता पाटे. सगळं काम एकीकडे आणि हे एकीकडे, मीही इथेच सगळ्यात जास्त अडकलो होतो आणि चुकीचे सल्लेही इथेच सगळ्यात जास्त मिळतात.

आधी मोजा. सपाट फरशीवर गाडी लावा, चारी टायरमध्ये नेमकी हवा, टाकी अर्धी, आत कुणी नाही, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून आकडा लिहून ठेवा. गाडी मागून एका बाजूला झुकलेली दिसली म्हणजे त्या बाजूचा पाटा गेला असं लगेच समजू नका, पुढची त्याच बाजूची स्प्रिंग बसली तरी मागे तसंच दिसतं. पुढच्या क्रॉस मेंबरच्या (पुढच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मधोमध जॅक लावून पुढची चाकं जरा उचला, मागचा झुकाव गेला तर दोष पुढे आहे, तसाच राहिला तर मागे. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात आणि तरी कुणी बघत नाही, सरळ पाटे उतरवतात.

पाटे उतरवायच्या आदल्या रात्री यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे) आणि शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीच्या) नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बॉडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर, आणि अ‍ॅक्सल खाली घेताना ब्रेकच्या होजवर ताण येत नाहीये ना ते बघत राहा.

मग पाटेवाला. देवास नाक्याकडे ट्रकचं काम करणारे कारागीर आहेत, हात चांगला आहे पण सवय ट्रकची आहे, त्यामुळे समोर उभं राहून करून घ्या. पहिली अट, भट्टीत लाल करून ठोकायचं नाही. पाट्याचं पोलाद कारखान्यात ठराविक तापमानाला कडक करून पुन्हा टेम्पर केलेलं (बेतानं तापवून चिवट केलेलं) असतं, लाल केलं की ते सगळं जातं, मग तेलात-पाण्यात बुडवून वरवर कडक दिसतं पण एक तर काही महिन्यांत परत बसतं नाहीतर तडकतं. थंड पाट्यालाच दाबून-ठोकून बाक आणायचा, वेळ लागतो, पैसे जास्त मागतात, द्या. दुसरी अट, दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच करायचे आणि झाल्यावर एकमेकांना चिकटवून उभे धरायचे, बाक सारखा दिसला पाहिजे. एका पाट्याचं टोक खालच्या पाट्यात घासून खाच पडली असेल तर तो पाटा बदला, तडा तिथूनच जातो. तिसरी, जास्तीचा पाटा घालायचा नाही, मग तो कितीही आग्रह करो. घरचे पाच जण आणि डिकीत सामान घेऊन ओंकारेश्वरला जायचंय म्हणून गाडी खाली टेकते असं वाटत असेल तर त्याचं कारण थकलेले पाटे आणि मेलेले शॉकअप आहेत, पाट्यांची संख्या नाही. पाट्यांभोवतीच्या क्लिपा परत लावून घ्या, चाक खाली लोंबकळलं की सगळा भार एकट्या मुख्य पाट्यावर येऊ नये म्हणून त्या असतात आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या गायबच असतात. पाट्यांच्या मधे ग्रॅफाइट ग्रीस.

बसवताना सेंटर बोल्टचं (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलंय का ते बोटानं चाचपून बघा, नुसतं डोळ्यानं नाही. ते कडेवर चढलं आणि वरून यू-बोल्ट आवळले की अ‍ॅक्सल तिरका बसतो, गाडी सरळ रस्त्यावर अंग तिरकं करून चालते आणि लोक अलाइनमेंटवर पैसे घालवत राहतात. दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्याच्या (पाट्याच्या टोकाच्या गोल वळलेल्या भोकाच्या) बोल्टपासून अ‍ॅक्सलपर्यंत टेप लावा, आकडा सारखाच यायला हवा. यू-बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते, म्हणजे डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट कधी आवळायचे. गाडी घोड्यांवर असताना नाही. चाकं हवेत आणि अ‍ॅक्सल लोंबकळत असताना पाट्याचा बाक सगळ्यात जास्त असतो, त्या वेळी बोल्ट कचकचून आवळला की रबरी बुश त्याच अवस्थेत पकडला जातो. मग गाडी खाली उतरवली की पाटा सपाट होतो, त्याचा डोळा फिरतो, पण आतलं रबर सरकत नाही, ते पिळलं जातं, आणि ओला टॉवेल पिळून तसाच धरून ठेवावा तसं उभं राहतं, गाडी नुसती उभी असतानासुद्धा. गाडी मागून उंच दिसते, मऊ खड्ड्यावरही कडक उसळते, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. दोन बाजूंना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उंचीवर आवळलं असेल तर गाडी एका बाजूला उंच राहते.

माझ्या गाडीत हेच झालं होतं. एका गॅरेजनं पाटे बसवून दिले आणि डावी बाजू बोटभर वर, मग सगळे पाट्यालाच दोष देणार, पाटा परत ठोकायला पाठवला, तरी तेच, शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी काहीही न बदलता गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर लावली, चारही बोल्ट सैल केले, त्यासरशी डावी बाजू कट्ट असा आवाज करून खाली आली. त्यांनी गाडी दोन-तीनदा दाबली, मला मागच्या सीटवर बसवलं, आणि मग बोल्ट आवळले. झुकाव तेवढ्यानंच गेला.

म्हणून पद्धत अशी, सगळे बोल्ट हातानं लागतील एवढेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागचा भाग जोर लावून दाबा-सोडा, थोडी पुढे-मागे ढकला, दोन माणसं आत बसवा, आणि मगच खालून आवळा. खड्डा किंवा रॅम्प लागतो, जॅकवर हे होत नाही, म्हणूनच गॅरेजवाले टाळतात. मिस्त्री म्हणाला की फरक नाही पडत, तर ऐकू नका, शेजारी उभं राहून करून घ्या. यू-बोल्टही असेच भार असताना, एकदा या कोपऱ्याचा एकदा समोरच्या, थोडे थोडे करून आवळायचे. बुश रबराचेच घ्या. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश टिकतात पण पाट्याला थोडं आडवं पिळायचं असतं ते रबर करू देतं, पॉली करू देत नाही, शिवाय रस्त्याचा सगळा आवाज आत येतो.

शॉकअप पुढचे-मागचे जोडीनंच बदला. नवे घेताना पूर्ण दाबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी जुन्याशी जुळवून बघा, लांब पडला तर रबरी स्टॉपर टेकायच्या आधी शॉकअपच तळाला आपटतो आणि माउंट उखडतो. तेलाचे असतील तर लावायच्या आधी उभे धरून बऱ्याचदा वर-खाली करा, आतली हवा निघून जाईल. थोडेसे कडक चालतील, माझ्या मते कडकपणा आणायचाच असेल तर इथेच आणावा, पाट्यात नाही. फार कडक घेतलेत तर राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत प्रत्येक खाच पाठीला लागते.

टायर रेडियल घाला, चारी. जुना साइज ५.२० बाय १४, त्याच्या व्यासाला १५५/८० आर १४ जवळ जातो, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. रुंद टायरच्या मागे लागू नका, स्टीअरिंग जड होतं आणि या गाडीला त्याची गरज नाही. दोनच रेडियल आणि दोन जुन्या पद्धतीचे असं करायची वेळ आलीच तर रेडियल मागे, पुढे कधीच नाही.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. रेडियलला टो-इन (पुढची चाकं समोरून जरा आत वळलेली असणं) जुन्या टायरपेक्षा कमी लागतं, हे सेंटरवाल्याला आधीच सांगा, त्याच्या मशीनमध्ये बहुतेक तुमच्या गाडीचा डेटा नसतो. त्याआधी ब्रेक तपासून घ्या, चारी बाजूंना ड्रम आहेत आणि गाडी चांगली वळायला लागली की तुम्ही नकळत वेगानं जाता.

पहिली फेरी सुपर कॉरिडॉरवर, रिकाम्या वेळी, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग हलकं धरून, गाडी ओढत नाही ना ते बघा. तिथे बरं वाटलं तर खंडवा रोडनं सिमरोल उतरून चोरलकडे जा, घाटात हळूच. वळणात शिरल्यावर गाडी एकदा झुकून तिथेच थांबली पाहिजे, पुन्हा पुन्हा डोलायला नको, आणि मधेच खड्डा आला तर मागचा भाग जागेवर राहायला हवा. मागून बाहेर निघाल्यासारखी वाटली तर आधी मागच्या टायरची हवा बघा, मग शॉकअपचे खालचे बोल्ट.

शे-दोनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळा, नव्यानं बसवलेले पाटे दबून बसतात आणि ते सैल होतातच. महिन्याभरानं त्याच फरशीवर, तेवढीच हवा आणि अर्धी टाकी ठेवून चारही आकडे पुन्हा घ्या. दोन्ही बाजू सारख्याच थोड्याशा उतरल्या असतील तर ठीक आहे. एकच बाजू पाव इंचापेक्षा जास्त उतरली असेल तर आधी त्या बाजूचे बुशचे बोल्ट गाडी चाकांवर असताना सैल करून परत आवळून बघा, तरी फरक नसेल तर पाट्याची जोडी घेऊन पाटेवाल्याकडे परत जा.