नाशिक ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

लेक शिकायला लंडनला निघाली की घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "किती तास लागतात?", आणि उत्तरादाखल केवळ उड्डाणाचे तास सांगितले जातात. नाशिककराने मात्र हा हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मांडावा.

प्रथम अंतर. ते भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. मुलांचा पृथ्वीगोल घ्यावा, विमान मुंबईहून सुटते म्हणून दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे आणि दुसरे लंडनपर्यंत ताणावे. ताणलेला दोरा सर्वांत जवळची वाट आपोआप धरतो. विषुववृत्त सुमारे ४०,०७५ किलोमीटरचे असल्याने ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा १७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. हाच दोरा न्यूयॉर्ककडे नेऊन पाहावा: सपाट नकाशावर सरळ पश्चिमेला, उत्तर आफ्रिकेवरून जाईलसे वाटणारी ती वाट उत्तरेला थेट ६५ अक्षांशाच्या आसपास चढते. मला हा प्रयोग कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक पटतो.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरला तर आठ तास होतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांचा अर्धा-पाऊण तास मिळवावा. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना ते समोरून येतात. म्हणून जाताना साडेनऊ ते दहा तास आणि परतताना साधारण नऊ तास धरावेत. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल, जशी पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांसाठी केली, तर काही मार्गांवर वळसाही पडतो.

सर्वाधिक घोटाळा होतो तो घड्याळाचा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या स्थानिक असतात. जानेवारीत मुंबईहून दुपारी एकला निघून लंडनला सायंकाळी साडेपाचला पोहोचणे म्हणजे साडेचार तासांचा प्रवास नव्हे. लंडन तेव्हा साडेपाच तास मागे असते, म्हणून ते मिळवून दहा तास होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचाच राहतो. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहाव्यात, मगच वजाबाकी करावी.

शेवटी घरापासूनचा हिशेब. नाशिकमधल्या द्वारका चौकापासून मुंबई विमानतळ रस्त्याने चार तास, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, उड्डाण दहा तास आणि उतरल्यावर पासपोर्ट तपासणी व सामानाला दीड तास, असे साडेअठरा तास होतात. पावसाळ्यात कसारा घाटात वाहने खोळंबतात, तेव्हा आणखी दीड तास हाताशी ठेवून निघावे.